मधल्या खोलीची खिडकी

धुळ्याहून सुरतेकडे जाणाऱ्या महामार्गावर, कान नदीच्या काठी साक्री आहे. महामार्गालगतच्या नव्या कॉलन्यांत सुटी घरं उभी राहिली, त्यांना चारही अंगांनी खिडक्या मिळाल्या. जुन्या गावात तसं नाही. तिथे घराला घर चिकटलेलं असतं. समोर गल्ली, मागे दुसरी गल्ली नाहीतर परसदार, आणि डाव्या-उजव्या हाताला शेजाऱ्यांच्या भिंती. रुंदी बारा-पंधरा फूट, लांबी त्याच्या तिप्पट-चौपट. पुढे ओटा आणि बैठक, मागे स्वयंपाकघर आणि मोरी, आणि या दोहोंच्या मध्ये एक खोली, जिची एकही भिंत उघड्यावर येत नाही. भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय तिथे सुईत दोरा ओवता येत नाही.

खानदेशातच काय, महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या गावठाणांत ही मधली खोली भेटते. धान्याच्या कोठ्या, लोखंडी कपाट, गाद्यांची चळत आणि देव्हारा यांच्यासाठी ती सोयीची होती. जुन्या काळी रात्री माणसं ओट्यावर, अंगणात किंवा धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, झोपत, त्यामुळे तिथे झोपायला फार कुणी नसे. आता कुटुंबं वाढली, घरांच्या वाटण्या झाल्या आणि मधली खोली झोपायची खोली झाली. तिथे बहुधा झोपतं कोण, तर ज्याला घरातल्या येण्याजाण्याचा त्रास नको ते माणूस: म्हातारी आई, बाळंतीण लेक, नाहीतर दुखणेकरी. दिवसाचा सर्वांत जास्त वेळ घरात काढणाऱ्या माणसालाच घरातली सर्वांत कोंदट जागा मिळते.

मग सरकारच्या लेखी ती राहण्याची खोली आहे का? याचं उत्तर कोणतं खातं विचारतंय त्यावर ठरतं.

२०११ च्या जनगणनेत प्रगणकांना दिलेली व्याख्या साधी होती. भिंती, दार आणि छत असलेली, किमान दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर उंच, म्हणजे माणूस आडवा होऊ शकेल एवढी जागा असली की ती राहण्याची खोली म्हणून मोजायची. स्वयंपाकघर, न्हाणी, कोठार वगळायचं. खिडकीचा उल्लेखच नाही. त्यामुळे साक्रीतली अंधारी मधली खोली जनगणनेच्या तक्त्यात बिनतक्रार जाऊन बसते. देशातल्या किती कुटुंबांकडे दोन खोल्या आणि किती जणांकडे तीन, हे आकडे वाचताना एवढं ध्यानात ठेवायला हवं की त्यांतल्या किती खोल्यांना उजेड आहे हे त्या रकान्यावरून कळत नाही.

बांधकामाचे नियम मात्र खिडकीशिवाय बोलतच नाहीत. भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय बांधकाम संहिता १९७० मध्ये पहिल्यांदा निघाली, तिची २०१६ ची आवृत्ती आजही वास्तुविशारदांच्या टेबलावर असते. ही संहिता स्वतःहून कायदा नाही. स्थानिक नियमावलीने स्वीकारल्यावर तिच्यातल्या तरतुदींना धार येते. महाराष्ट्रात मुंबई शहर आणि काही विशेष क्षेत्रं सोडली तर २०२० च्या डिसेंबरपासून एकच एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, आणि साक्रीसारख्या नगरपंचायतीही तिच्या कक्षेत येतात. या साऱ्या नियमांत ‘बेडरूम’ हा शब्द महत्त्वाचा नाही. महत्त्वाची आहे ती वास्तव्ययोग्य खोली: जिथे माणसं राहतात, झोपतात, जेवतात, अभ्यास करतात ती. न्हाणी, संडास, कोठार, जिना, बोळ, तळघर यांची गणना तिच्यात होत नाही. म्हणजे नकाशावर ज्या चौकोनात ‘स्टोअर’ लिहिलंय, तिथे पलंग टाकला म्हणून ती शयनगृह होत नाही, आणि खिडकी नसलेल्या चौकोनावर ‘बेडरूम’ लिहिलं तर नकाशा तपासणाऱ्याने ते खोडायला हवं.

आकडे बघितले की नियम किती बारकाईने लिहिलेत हे कळतं. संहितेप्रमाणे घरात राहण्याची एकच खोली असेल तर ती किमान साडेनऊ चौरस मीटरची आणि २.४ मीटर रुंद हवी. दोन खोल्या असतील तर एक साडेनऊची आणि दुसरी किमान साडेसात चौरस मीटरची, २.१ मीटर रुंद. उंची पावणेतीन मीटर, म्हणजे सुमारे नऊ फूट. आपल्याकडे ‘दहा बाय दहा’ची खोली हे जणू प्रमाण मानलं जातं, पण शंभर चौरस फूट म्हणजे ९.२९ चौरस मीटर. एकखोली घराच्या मापात ती थोडक्यासाठी नापास होते. पंधरा फुटांच्या घराची दोघा भावांत उभी वाटणी झाली, की भिंतीची जाडी न धरताही प्रत्येकाला साडेसात फूट, म्हणजे २.२९ मीटर येतात. २.४ मीटरची अट धरली तर तिथेही तेच. वाटणीपत्रावर दोघांना समान न्याय मिळतो आणि दोन्ही खोल्या मापात बसत नाहीत.

खिडकीसाठी संहितेने हवामान विचारात घेतलंय. दारं वगळून, चौकटीसह सगळ्या खिडक्यांचं मिळून क्षेत्रफळ कोरड्या उष्ण हवामानात खोलीच्या जमिनीच्या किमान एक दशांश, दमट उष्ण हवामानात एक षष्ठांश, मधल्या हवामानात एक अष्टमांश आणि थंड प्रदेशात एक द्वादशांश असावं. दहा बाय बाराच्या खोलीचं क्षेत्रफळ १२० चौरस फूट. कोरड्या उष्ण प्रदेशात तिला बारा चौरस फुटांची, म्हणजे तीन बाय चारची एक खिडकी पुरते. तीच खोली कोकणात असती तर चार बाय पाचची लागली असती. शिवाय खिडकीचा काही भाग कायमचा बंद असेल तर फक्त उघडणारा भाग मोजायचा. आजकाल सगळीकडे सरकत्या काचेच्या खिडक्या बसवतात. दोन पाखांच्या अशा खिडकीत एका वेळी अर्धीच बाजू उघडते, हे माप घेताना गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

आणखी एक अट मधल्या खोलीला थेट लागू पडते. खिडकी बाहेरच्या हवेत उघडायला हवी, किंवा २.४ मीटरपेक्षा जास्त रुंद नसलेल्या उघड्या व्हरांड्यात. दुसऱ्या खोलीत उघडणारी खिडकी चालत नाही. आणि खिडकीपासून साडेसात मीटरपेक्षा दूर असलेला खोलीचा भाग उजेडात आहे असं धरायचं नाही. म्हणजे बैठक आणि मधली खोली यांच्यातली भिंत पाडून एकच लांबलचक दालन केलं, तरी पंचवीस फुटांपलीकडचा अंधार नियमाच्या लेखी अंधारच राहतो.

हे नियम इतके चोख का झाले, याची महाराष्ट्रातली गोष्ट १८९६ पासून सुरू होते. त्या वर्षी मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. पुढच्या काही वर्षांत सरकारी पथकं चाळींत शिरली. अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावं म्हणून छपरांची कौलं काढली गेली, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरं रंगवली गेली. १८९८ मध्ये मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी मुंबईतल्या घरांतला उजेड आणि हवा या विषयाचा ध्यासच घेतला होता. १९१२ मध्ये त्यांनी त्यावर व्याख्यान दिलं. त्यांनी आग्रहाने मांडलेला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम असा: खोलीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढली तर ती साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त चढी नसावी. गणितात याचा अर्थ, समोरची इमारत जितकी उंच त्याच्या निम्मं अंतर दोहोंत मोकळं हवं. तीस फुटी इमारतीसमोर पंधरा फूट. दादर, माटुंग्याच्या वस्त्या आखताना हा विचार पुढे होता.

प्लेग पसरतो तो उंदरांवरच्या पिसवांमुळे, कोंदट हवेमुळे नव्हे. त्या अर्थाने तेव्हाच्या साहेबांचा रोख चुकला होता, आणि कौलं काढून, सामान रस्त्यावर आणून गरिबांना जो त्रास दिला त्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण हवा आणि उजेडाचा नियम दुसऱ्या एका रोगावर अगदी नेमका लागू पडत होता. तो क्षय.

क्षयाचे जंतू हवेतून जातात. रुग्ण खोकला की ते बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात, आणि खोलीतली हवा जितक्या वेळा बदलेल तितके ते विरतात. पेरू देशातल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांत केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींसह अनेक खोल्या त्यात तपासल्या होत्या. दारं-खिडक्या उघडल्या की तिथली हवा तासाला २८ वेळा बदलत होती. यंत्रांनी हवा खेळवलेल्या नव्या खोल्यांत हा आकडा १२ होता. मुंबईतही गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड आणि पीएमजीपी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास झाला आणि तो २०२० मध्ये छापून आला. इमारती एकमेकींना खेटून, खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, आणि जिथे उजेड-हवा कमी तिथे क्षयाचं प्रमाण जास्त, असा त्याचा निष्कर्ष होता. झोपडपट्टीतून पक्क्या घरात आलेल्या माणसांना घराच्या रचनेनेच आजार द्यावा, ही फार दुःखाची गोष्ट आहे. गावातल्या मधल्या खोलीत खोकणाऱ्या आजोबांच्या शेजारी नातवंडं झोपतात, तेव्हा हाच धोका त्या चार भिंतींत असतो. हिवाळ्यात दार लावून तिथे शेगडी पेटवली तर विषारी वायूने जीव जायलाही वेळ लागत नाही.

एवढं वाचून कुणी जुन्या घरांना नावं ठेवू नयेत. खानदेशातलं धाब्याचं घर अडाणी माणसाचं काम नव्हतं. दोन-अडीच फूट जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडी खणांवर अंथरलेल्या मातीचं सपाट छत, वरच्या अंगाला लहानसा झरोका आणि चुलीवर धुराडं. मे महिन्यात धुळे जिल्ह्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, लू वाहते. तेव्हा दिवसा मोठी खिडकी उघडी ठेवणं म्हणजे भट्टीचं दार उघडणं. जाड माती दिवसभराचं ऊन अडवून धरी आणि रात्री माणसं वर धाब्यावर जात. लहान झरोका हा त्या साऱ्या रीतीचा एक भाग होता. कोरड्या उष्ण प्रदेशात एक दशांश खिडकीवर संहिता समाधानी राहते, तेही याच जाणिवेतून.

रीत मोडली ती धाब्याच्या जागी काँक्रीटचा स्लॅब आल्यावर. सहा इंची विटांची भिंत, वर उघडा स्लॅब. तो दिवसभर तापतो आणि रात्री खाली उष्णता सोडत राहतो. चोरीची भीती आणि डास, यामुळे माणसं दारं लावून आत झोपतात. जुन्या घराची जाड भिंत गेली आणि झरोका तेवढा जुन्याच मापाचा राहिला, किंवा तोही बुजला. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. एवढा वारा तालुक्यात आहे, आणि संध्याकाळनंतर तो गार होतो. दिवसा झडप बंद, रात्री उघडी, असं केलं तर स्लॅबच्या घरातही पहाटेपर्यंत भिंती निवतात. त्यासाठी समोरासमोर दोन वाटा हव्यात: एकीतून हवा येईल, दुसरीतून जाईल. एकच खिडकी असली की हवा दाराशी घुटमळते.

कूलरचंही तेच. खानदेशात उन्हाळा म्हणजे कूलर, आणि बहुतेक घरांत तो खोलीच्या एकुलत्या एका खिडकीतच बसवलेला असतो. बाजूच्या फटी प्लायवूड आणि पुठ्ठ्याने बंद. झालं, खोलीचा उजेड गेला. वर दुसरं दारही लावलेलं असलं तर कूलरने आत ढकललेली ओली हवा जाणार कुठे? तासाभरात खोली दमट होते, अंथरूण चिकट लागतं, आणि माणूस कूलरचा वेग वाढवत बसतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढून गार करतो, त्यामुळे आत आली तेवढी हवा दुसरीकडून बाहेर जायलाच हवी. समोरच्या भिंतीत छताजवळ दीड-दोन फुटांची एक झडप काढली तरी फरक पहिल्या रात्री कळतो.

मग मधल्या खोलीला खिडकी काढायची कुठून? वर सांगितल्याप्रमाणे तिच्या चारही भिंती गुंतलेल्या असतात. न्यूयॉर्कला हाच पेच शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पडला होता. तिथल्या चाळींतल्या आतल्या खोल्या अशाच आंधळ्या होत्या. १९०१ च्या कायद्याने मालकांना भाग पाडलं, तेव्हा त्यांनी आतल्या भिंतींत, दोन खोल्यांच्या मध्ये खिडक्या पाडल्या. क्षयाच्या खिडक्या असंच नाव त्यांना पडलं. रस्त्याकडच्या खोलीतला उजेड थोडाफार आत झिरपू लागला. आपल्या संहितेप्रमाणे अशा खिडकीने खोली वास्तव्ययोग्य ठरत नाही. तरी बैठकीच्या आणि मधल्या खोलीच्या दारांवर जाळीची झडप ठेवणं, दारं एका ओळीत ठेवणं, हे काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरं.

नियमाला धरून उपाय म्हणजे मधे मोकळा चौक सोडणं. जुन्या वाड्यांना तो असायचाच. पण संहितेत अशा आतल्या चौकाची किमान रुंदी तीन मीटर सांगितलीय. बारा फुटी घरात जवळजवळ दहा फूट आभाळाला द्यायचे, हे कुणाच्या जिवावर येणार नाही? न्हाणी-संडासासाठी चालणारी अरुंद हवेची नळी शयनगृहाला चालत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण तीन-चार मजल्यांच्या नळीच्या तळाशी उजेड येत नाही, वास येतो. राहतो तो छताचा मार्ग. मधल्या खोलीवर मजला नसेल तर स्लॅबमध्ये तीन बाय तीनचा भाग मोकळा सोडून, भोवती फूटभर कठडा उचलून, वर छप्पर आणि बाजूंना जाळी. पाऊस आत येत नाही आणि तापलेली हवा वर निघून जाते. पत्र्याच्या घरात एक पारदर्शक फायबरचा पत्रा आणि आढ्याजवळ जाळी एवढ्यानेही दिवसा दिवा लावायची गरज राहत नाही. कागदोपत्री ती खोली शयनगृह ठरेल की नाही, हे नगरपंचायतीचा अभियंता मापं पाहून सांगेल. दाट वस्तीसाठी नियमावलीत वेगळ्या सवलती आहेत, त्यामुळे त्याला आधी विचारणं शहाणपणाचं.

परवानगी लागते का, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये, इमारतीच्या फक्त आतल्या भागावर परिणाम करणाऱ्या किंवा बाहेरचं रूप विशेष न बदलणाऱ्या दुरुस्त्यांना परवानगीतून सूट आहे. राष्ट्रीय संहितेतही खिडकी किंवा दार उघडणं-बंद करणं हे परवानगी न लागणाऱ्या किरकोळ कामांत धरलंय, मात्र इमारतीच्या मजबुतीला आणि इतर नियमांना बाध येता कामा नये. ही सूट वाचून लगेच छिन्नी उचलू नये, कारण खरी अडचण बहुतेक वेळा कचेरीत नसून शेजारच्या ओट्यावर असते.

भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्याच्या संमतीशिवाय तिला भोक पाडता येत नाही. भिंत स्वतःची, पण पलीकडे शेजाऱ्याची मोकळी जागा असेल तर गोष्ट आणखी गुंतते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ चा. तो मुंबई इलाख्याला १८९१ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम १५ प्रमाणे एखाद्या खिडकीतून वीस वर्षं अखंड, शांतपणे आणि हक्काने उजेड व हवा येत असेल तर तो कायमचा हक्क होतो. पलीकडची जमीन सरकारी असेल तर मुदत तीस वर्षांची. वीस वर्षं भरण्याआधी शेजाऱ्याने आपल्या हद्दीत भिंत उभी केली आणि नव्या खिडकीला झाकलं, तर तक्रारीला जागा नाही. वीस वर्षं झाल्यावर त्याने ती अडवली तर दोन वर्षांच्या आत दावा लावायला हवा. आणि हवेच्या बाबतीत कायदा उदार आहे. हवा अडल्याने राहणाऱ्याच्या शारीरिक सुखात खराखुरा अडथळा आला, एवढं दाखवलं तरी पुरे, तब्येत बिघडल्याचा पुरावा मागितला जात नाही.

याच कायद्याच्या कलम १८ खाली दिलेलं एक उदाहरण गल्लीतल्या माणसाला लगेच पटेल. एखाद्या गावाची रूढी अशी असेल की शेजाऱ्याच्या घराचा खासगी भाग दिसेल अशी नवी खिडकी काढायची नाही, तर त्या रूढीला कायदा हक्क म्हणून मान देतो. गुजरातेतली अशी रूढी मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातच मान्य केली होती. साक्रीत खिडकीवरून भांडण उठतं तेव्हा कलमांची नावं कुणी घेत नाही. ‘आमच्या मोरीकडे तोंड करून खिडकी काढू नका’ असं शेजारची काकू सांगते, आणि ती बरोबर बोलत असते. खिडकीचा उंबरठा डोळ्यांच्या वर, सहा फुटांवर ठेवला, खिडकी आडवी आणि अरुंद केली, की उजेड येतो आणि नजर जात नाही. काम काढण्याआधी शेजाऱ्याला बोलावून जागा दाखवावी, आणि ठरलं ते साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनी लिहून ठेवावं.

आता भिंत. विटांच्या भारवाही भिंतीत खिडकी काढायची तर अनुभवी गवंडी आधी खिडकीचं भोक पाडत नाही. तो प्रथम वर लिंटेलपुरती, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या पट्टीपुरती, खाच काढतो, तीही अर्ध्या जाडीने, गरज पडली तर छताला बल्ल्यांचे टेकू देऊन. लिंटेल खिडकीच्या दोन्ही बाजूंना अर्धा फूट ते नऊ इंच भिंतीवर टेकलं पाहिजे. ते बसवून, वरची फट मसाल्याने ठासून, पाणी मारून पक्कं होऊ दिल्यावरच खालच्या विटा एकेक करून निघतात. घाईत आधी भोक पाडलं की वरच्या भिंतीला तिरपी चीर जाते. कोपऱ्यापासून किमान दोन फूट सोडावेत, आणि वर तुळईचं टोक येत असेल तर ती जागा टाळावीच. मातीच्या जुन्या भिंतीचं काम अजून जोखमीचं. तिच्यात रुंद खिडकी पाडण्यापेक्षा अरुंद आणि उभी पाडावी, आणि चौकट बसवण्याआधी ती अभियंत्याच्या नजरेखालून घालावी.

उजेड आणि हवा यांपलीकडे, अमेरिकेत खिडकीचा आणखी एक अर्थ नियमात लिहिलाय: संकटात बाहेर पडायची वाट. न्यू जर्सीत किंवा शिकागोत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबाने आईवडील येणार म्हणून तळघरात खोली काढली, तर तिला शयनगृह म्हणायला सुटकेची खिडकी लागते. तिथल्या नमुना निवासी संहितेत तिची मापं ठरलेली आहेत: उघडल्यावर मोकळी जागा साधारण ५.७ चौरस फूट, उंची किमान २४ इंच, रुंदी २० इंच, आणि उंबरठा जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नाही. म्हणजे आतला माणूस बाहेर पडेल आणि अग्निशामक दलाचा जवान आत शिरेल. गज लावायला बंदी नाही, पण ते किल्ली किंवा हत्याराशिवाय आतून निघाले पाहिजेत. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री इडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्कमध्ये तळघरातल्या घरांत अकरा माणसं बुडून मेली, तेव्हा हा नियम कशासाठी आहे हे साऱ्या शहराने पाहिलं.

आपल्याकडेही ते पाहायला मिळालं. १५ जून २०२३ ला दिल्लीच्या मुखर्जीनगरमध्ये शिकवणीच्या इमारतीत आग लागली आणि विद्यार्थी खिडक्यांतून दोर आणि वायरी धरून खाली उतरले. २७ जुलै २०२४ ला जुन्या राजेंद्रनगरात तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी शिरून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी तीन मुलं गेली. खानदेशातल्या घराघरांतून मुलं अशीच नाशिक-पुण्याला ‘कॉट बेसिस’वर राहायला जातात. भाडं, मेस आणि अंतर विचारताना आईबापांनी खोलीला उघडणारी खिडकी आहे का, हेही विचारावं. घर विकत घेताना तर हे आणखी मोलाचं, कारण ‘टू बीएचके’ हा बाजाराचा शब्द आहे. रेरा कायदा चटई क्षेत्राची व्याख्या करतो, शयनगृहांची संख्या ठरवत नाही. मंजूर नकाशा मागून घ्यावा, आणि ज्या खोलीला बेडरूम म्हणून दाखवतात तिच्यावर नकाशात काय लिहिलंय ते स्वतः वाचावं.

भारतीय संहितेचं लक्ष खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे आणि हवेकडे जास्त आहे, आणि आपण तिला बाहेरून पक्की ग्रील ठोकतो. चोरापासून बचाव होतो, पण आगीच्या वेळी तीच खिडकी कामाची राहत नाही. ग्रील बनवायला टाकताना फॅब्रिकेटरला सांगून तिचा एक भाग बिजागरीचा करून घ्यावा, कुलूप आतून लावावं आणि किल्ली खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगावी. खर्चात फरक थोडा पडतो.

सर्वांत सोपी वेळ असते ती घर नव्याने बांधण्याची. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला किमान २५ चौरस मीटर क्षेत्र सांगितलंय, त्यात स्वयंपाकाची जागाही आली. साक्री तालुक्याच्या पिंपळनेर, कुडाशीकडच्या आदिवासी पट्ट्यात अशी घरकुलं होत असतात, आणि अनुदान पुरवताना पहिली काटछाट खिडकीवर येते: चौकट नको, ग्रील नको, नंतर बघू. नंतर म्हणजे पुन्हा गवंडी, पुन्हा टेकू, पुन्हा लिंटेल. पाया भरतानाच समोरासमोरच्या दोन भिंतींत जागा ठरवावी, जोत्यानंतर विटा लावताना ती मोकळी सोडावी, आणि पट्टीचं लिंटेल एकदाच सगळ्या घराभोवती फिरवावं. पैसे संपले असतील तर चौकट पुढच्या हंगामात बसवावी, तोवर जाळी लावून पोत्याचा पडदा सोडावा. तीन बाय चारच्या भोकाला लागणाऱ्या विटा तर तेवढ्याच वाचतात.